बंदुकीच्या मापाचं घर

बंदूक दुरुस्तीच्या दुकानाचं एक असतं. काम झालं की मालक बंदूक घेऊन जातो, किस्सा मात्र दुकानातच ठेवून जातो. बीडमध्ये हमीदचाचांच्या हाताखाली मी तीस वर्षं कानस चालवली. तेवढ्या वर्षांत इतकं साठलंय की मी सांगायला बसलो की घरचे एकेक करून उठतात. कुणाला गिरणीत जायचं असतं, कुणाला नळ भरायचा असतो. तुम्ही बसलाच आहात, तर आज फक्त कौसाबाईंच्या बंदुकीचं सांगतो. बाकीचं राहू द्या.

०

आधी चाचांचा नियम ऐका.

चाचांचे वडील निजामाच्या काळात शिकारी लोकांच्या बंदुका नीट करायचे. पुढे शिकारीवर बंदी आली. रानडुकरं वाचली, पण बंदुका घराघरांत खुंटीला तशाच राहिल्या. मग पावसानं सलग पाठ फिरवली. दुष्काळात आधी विहीर आटते, मग दूध आटतं आणि मग रानातल्या वस्त्यांवर चोऱ्या सुरू होतात. हा क्रम कधी चुकत नाही. लोकांना खुंटीवरची बंदूक आठवली आणि जो तो एकच काम घेऊन यायला लागला. ‘‘मिस्त्री, नळी लई लांब हाय. घरात फिरत न्हाई. जरा आखूड करा की.’’

शिकारीची बंदूक लांबच असते, ती मोकळ्या रानासाठी घडवलेली. ती घरात फिरत नाही हे खरंच. पण नळी कापणं हा सरळ गुन्हा. आमचं लायसन जाईल, दुकानाला टाळं लागेल, दोघंही आत जाऊ.

एकदा एक जाडजूड गृहस्थ आले. चार बोटांत चार अंगठ्या. बंदूक टेबलावर आपटून म्हणाले, ‘‘हातभर काप. किती घेणार बोल बे.’’ हे ‘बे’ कुणाला, तर सत्तरीच्या चाचांना! माझं डोकं फिरलं. चाचा मात्र शांतपणे उठले. स्वतःचं मनगट त्यांनी टेबलावरच्या शिकंज्यात, लोखंड धरायच्या पकडीत, ठेवलं, दुसऱ्या हातानं ते आवळलं आणि आरी त्या माणसापुढे केली.

‘‘पैले ये काटो,’’ चाचा म्हणाले, ‘‘बाद में नली.’’

तो हसला. चाचा हसले नाहीत. शिकंजा आणखी अर्धा आटा आवळला. बोटं पांढरी पडायला लागली तसा तो माणूस बंदूक उचलून पायऱ्या उतरला. मनगट मी सोडवलं. पुढे आठ दिवस चाचांना डाव्या हातानं चहाचा कप उचलता आला नाही.

०

नळीचं हेच काम घेऊन दगडूआबा आले.

आबांची वस्ती धारूरच्या अलीकडे, घाटाच्या अंगाला. आबा म्हणजे ऊसतोडीचे मुकादम, शिवाय गावच्या सोसायटीचे चेअरमन. दसरा झाला की टोळी घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा तापला की परतायचे. गावातली धडधाकट माणसं त्यांच्याबरोबरच जायची. मागे म्हातारी, लेकरं आणि कुलपं.

आबांच्या वस्तीवर मागे दोघीच राहत. त्यांची बायको कौसाबाई आणि त्यांची आई. आईच्या एका अंगावरून वारं गेलेलं, ती खाटेवर. त्यामुळे कौसाबाईंना गावात कुणाकडे झोपायला जाण्याचीही सोय नव्हती. त्यात वावटळीनं सोसायटीच्या गोदामाचे पत्रे उडाले, म्हणून अख्ख्या गावाच्या गाईम्हशींची सरकी पेंड आबांच्या पुढच्या खोलीत आणून रचली होती. दुष्काळात पेंडीचं पोतं म्हणजे काय, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला विचारा. पलीकडच्या वस्तीवर चोर येऊन गेले होते. दोन शेळ्या नेल्या आणि आडव्या आलेल्या म्हाताऱ्याचं डोकं फोडलं. तो म्हातारा उठला, पण पुन्हा कुणाला ओळखेना.

बंदूक आबांच्या वडिलांची होती. बारा बोअर, दोन नळ्यांची. आबा म्हणाले, ‘‘चाचा, आखूड करा. बाईमानसाला पेलंना.’’

चाचांनी विचारलं, ‘‘चलाएगा कौन?’’

‘‘कौसा.’’

‘‘लायसन किसका?’’

‘‘माजं.’’

चाचांनी बंदूक गुंडाळून परत दिली. ‘‘पैले उसका लायसन. बाद में बात.’’ आणि अर्ज लिहायला म्हणून मला त्यांच्याबरोबर कचेरीत पाठवलं.

०

कचेरीत चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला साहेबांनी कौसाबाईंना समोर उभं केलं. उंचीनं जेमतेम, डोक्यावर पदर, पायात आबांच्या जुन्या चपला. साहेबांनी वर पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा वर पाहिलं.

‘‘बाई, बंदूक कशाला पाहिजे?’’

‘‘मालक उसाला गेले की घरात गडी मीच की.’’

‘‘चोर आला तर गोळी घालाल?’’

 हो म्हणाल्या तर साहेब म्हणणार, ही बाई धोक्याची. नाही म्हणाल्या तर म्हणणार, मग बंदूक कशाला? मी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

कौसाबाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, ‘‘साहेब, ते आत्ताच कसं सांगू? त्यो कसा येतो ते बगावं लागंल ना.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. मग पेन उचललं आणि सही केली. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, ‘‘लग्नाला पंधरा वर्सं झाली, मला बी आसंच गप करती.’’

०

आता बंदूक त्यांच्या अंगाची करायची होती. आबांचे वडील सहा फुटी. खांद्याला टेकवायचा दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा. कौसाबाईंनी तो खांद्याला लावला की बोट चापापर्यंत पोचेना. तिथं मात्र कापायला हरकत नव्हती. दस्ता लाकडाचा, त्याला कायदा नाही. दीड इंच कापून मागे रबराची गादी लावायची, एवढंच.

पण माप कसं घ्यायचं? कोपरापासून बोटापर्यंत टेप लावायला मी पुढे झालो तशा कौसाबाई दोन पावलं मागे सरल्या. चाचांनी मला मागे खेचलं. कौसाबाई दुकानातल्या पडद्याआड गेल्या, स्वतःच सुतळीनं माप घेतलं, गाठ मारली आणि पडद्यावरून सुतळी फेकली.

त्या गाठीवर मी दस्ता कापला. चाचांनी छर्रा बारीक द्यायचा ठरवलं. आवाज मोठा, मार कमी. मला ते बरं वाटलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला झोप नीट लागत नव्हती. आमच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो शेजारी शेजारी. सकाळी पंचशील म्हणायचं, त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या करणार नाही, आणि दहा वाजता दुकानात येऊन चाप हलका करायचा. हजार शिकारीच्या बंदुका नीट केल्या तेव्हा काही वाटलं नव्हतं. ही पहिली होती जी माणसासाठी होती. आणि ती चालली नाही तर कौसाबाईंचं डोकं फुटणार होतं. दोन्हीकडून माझाच हात.

०

दस्ता झाला, नळीचं कोडं तसंच होतं. चाचा म्हणाले, ‘‘बंदूक नई कटती तो घर काटेंगे.’’

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी चाचांनी बंदुकीच्या लांबीची एक काठी तोडली, आणि आम्ही वडवणीकडून एसटी बदलत, शेवटी तीन कोस पायी आबांच्या वस्तीवर पोचलो. आबा घरात होते. चाचांनी काठी घेतली आणि शिंपी अंगाचं माप घेतो तसे घराचं माप घेत फिरले. दारात काठी अडली. माजघरात वळताना कणगीला अडली. चुलीपाशी उतरंडीला अडली. अडेल तिथं कोळशानं फुली.

मग म्हणाले, ‘‘अब मैं चोर.’’

बंदूक रिकामी आहे हे मी तीनदा पाहिलं. चाचांनी दोनदा. कौसाबाई माजघरात उभ्या राहिल्या, चाचा बाहेरून मागच्या दारानं शिरले. कौसाबाई गर्रकन वळल्या. नळी उतरंडीला लागली, पाच गाडगी खाली आली, एकच आवाज झाला आणि कौसाबाईंनी दचकून चाप ओढला. खट्.

धूळ बसली तेव्हा कळलं, नळी चाचांकडे नव्हती. खाटेवरच्या सासूच्या छातीवर होती.

 आबा भिंतीला टेकून खाली बसले. कौसाबाईंनी बंदूक जमिनीवर ठेवली आणि हात पदराला पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढे तेच चाललं होतं, आत काडतूस असतं तर?

शेवटी म्हातारीच बोलली. तिचं अर्धं तोंड वाकडं, शब्द ओढत यायचा. ‘‘मला मारायचं तर मारा. गाडगी कावून फोडली?’’

त्या दिवशी आम्ही घर कापलं. उतरंड दुसऱ्या भिंतीला नेली. कणगी हलवली. मागचं दार आत उघडायचं, ते बिजागऱ्या काढून बाहेर उघडणारं केलं. म्हातारीची खाट अशा कोपऱ्यात सरकवली की कुठूनही वळलं तरी नळी तिच्याकडे जाणार नाही. म्हातारी दिवसभर शिव्या देत होती. चाळीस वर्षं दारातून दिसणारा डोंगर आता तिला दिसेना. चाचांनी तिच्यासाठी समोरच्या भिंतीतली एक वीट काढली. त्या भोकातून डोंगराचा टवका दिसला तेव्हा ती गप्प झाली.

०

आबा दसऱ्यानंतर टोळी घेऊन गेले. चौथ्या दिवशी कौसाबाई, सासूपाशी गावातली एक म्हातारी बसवून, धापा टाकत दुकानात. चाप ओढला जात नाही, म्हणत होत्या. आदल्या दिवशी बांधावर कुणी तिघं उभे दिसले, म्हणून त्यांनी हवेत बार काढायला बंदूक उचलली. चाप हलला नाही. तिघं बघत राहिले आणि निघून गेले.

मी बंदूक मधल्या बिजागरीतून उघडली, काडतुसं काढली आणि नळ्या उजेडाकडे धरल्या. डाव्या नळीतून उजेड आला. उजवीतून आला नाही. आत काठी सारली तर झेंडू बाहेर आला. एक, दोन, तीन फुलं, वर अक्षता, हळदीकुंकवाचा गाळ.

‘‘खंडेनवमीला पूजली,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘विळा, कोयता, बंदूक, समद्यांची केली. तिला तेल बी लावलं.’’

‘‘कसलं तेल?’’

‘‘करडईचं. घरचं हाय.’’

करडईचं तेल वाळलं की वार्निश होतं. चाप, आतल्या स्प्रिंगा, सगळं एकमेकांना चिकटलं होतं. आणि ते चिकटलं नसतं तर? उजवा बार सुटला असता, पुढे झेंडूचा बोळा, नळी कौसाबाईंच्या तोंडाशी फाटली असती. मी एवढंच म्हणालो, ‘‘ताई, तेलानं वाचलात.’’ 

चाचा माझ्याइतके मवाळ नव्हते. ओरडले, ‘‘पूजा दस्ते की करो! नली में भगवान नई रैता!’’

कौसाबाईंनी पदरात फुलं गोळा करून घेतली. पूजेची फुलं पायदळी नकोत, म्हणाल्या.

०

मग साखर कारखान्याची निवडणूक आली. निवडणूक म्हटलं की सगळ्या लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा. कौसाबाईंनी पावती घेऊन बंदूक जमा केली. आता तीन आठवडे घरात काही नाही, आणि हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. चोरांनाही निवडणुकीची तारीख कळतेच.

कौसाबाईंनी चाचांची मापाची काठी काढली. तव्याची काजळी लावून काळी कुळकुळीत केली आणि खिडकीतून टोक बाहेर राहील अशी ठेवली. पंधरा दिवस वस्तीकडे कुणी फिरकलं नाही.

सोळाव्या दिवशी फिरकले ते पोलीस. कुणीतरी कळवलं होतं, मुकादमाच्या घरात दुसरी बंदूक आहे, बिनलायसनची. चौघं जण वस्तीच्या चारी बाजूंनी. ‘‘हत्यार टाका, बाहेर या!’’ कौसाबाई आत सासूला उठवून बसवत होत्या. त्यांनी ओरडून सांगितलं, ‘‘हात मोकळा न्हाई, तुमीच घ्या.’’

फौजदार भिंतीला घासत घासत खिडकीपाशी आला आणि झडप घालून काठी ओढली. हात कोपरापर्यंत काळे झाले. काठी उलटसुलट करून पाहिली. मग काठी परत खिडकीत ठेवली, होती तशी, टोक बाहेर. जाताना म्हणाला, ‘‘थोडी आत घ्या. एवढी बाहेर असली की खोटी वाटते.’’

०

आता शेवटचा.

चैत्र लागला होता. आबा परतायला पंधरा दिवस होते. बंदूक ठाण्यातून कधीच घरी आली होती. दुकानात भर दुपारी आम्ही पंखा नसलेल्या बाजूला बसलो होतो, आणि कौसाबाई आल्या. गोधडीत गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली. तिच्याबरोबर एक लोखंडी पहारही होती.

चाचांनी विचारलं, ‘‘ये क्या?’’

‘‘काल दुपारी चोर आलते,’’ कौसाबाई म्हणाल्या.

चाचांच्या हातातली कानस थांबली.

‘‘आत्याबाईंना खाटंवर भरवत हुते. मागलं दार कुनी तरी वडलं. म्या बंदूक उचलली, दोनी नळ्या भरल्या हुत्या. वळले, कुटंच अडली न्हाई. दारात गडी, हातात ही पहार. आनखी दोगं बांधावर. म्या रोखली. त्यो थांबला. मी बी थांबले. लई येळ कुनीच हालंना. त्याचे व्हट फाटले हुते, त्वांड पांढरं पडलं हुतं. म्हनला, मावशी, आदी पानी द्या.’’

‘‘दिया?’’

‘‘दारात आलेल्याला पान्याला न्हाई म्हनायचं व्हय, चाचा?’’

मी म्हणालो, ‘‘ताई, बंदूक रोखून पाणी कसं दिलं?’’

‘‘तेच तर. टँकर आठ दिसांनी येतो. रांजणात पानी तळाला. येका हातानं रांजण कलवावा लागतो, दुसऱ्या हातानं तांब्या बुडवावा लागतो.’’

‘‘मग बंदूक?’’

‘‘त्याच्याकडं दिली.’’

चाचांनी कानस टेबलावर ठेवून दिली.

‘‘म्हनलं, धर जरा. नीट धर, भरलेली हाय. त्यानं पहार भितीला लावली आन् धरली.’’

‘‘चापावर बोट होतं?’’ मी विचारलं. 

‘‘आसंल. मी वाकले हुते, पाट त्याच्याकडं. पानी काडस्तवर त्यो काय बी बोलला न्हाई. मग म्हनला, मावशी, आमी पेंड न्ह्यायला आलोत.’’

‘‘फिर?’’

‘‘म्हनलं, सोसायटीचा सभासद हायस का? म्हनला, न्हाई. म्हनलं, मग मिळत न्हाई.’’

चाचांनी डोळे मिटले.

‘‘मग तांब्या धरायला त्याला हात नगं का? म्हनून बंदूक माज्याकडं दिली. दोन तांबे प्याला. तिसरा बांदावरच्या दोगांना घिऊन गेला. रिकामा तांब्या उंबऱ्यावर आनून ठिवला आन् गेले तिगं. पहार इसरला.’’

चाचा उठले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. उर्दूत सुरुवात केली, सोडून दिली, मराठीत केली, तीही सोडून दिली.  मी हलका केलेला चाप, मी कापलेला दस्ता, आणि कौसाबाईंच्या पाठीवर रोखलेल्या दोन नळ्या. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. म्हणालो, ‘‘ताई, तुम्हाला काही कळतं का? तुम्ही काय केलंत?’’

‘‘कळतं की,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘म्हनून तर आले.’’ त्यांनी गोधडी सोडली आणि बंदूक आमच्याकडे सरकवली.

‘‘हिला खांद्यात आडकवायला पट्टा लावा. पानी द्यायला दोनी हात लागतात.’’